दुसऱ्या टेबलावरचा अडकलेला प्रोग्रॅम आपल्या जागेवरून कसा बंद करायचा

शाळेची कॉम्प्युटर लॅब असो, सीएचं ऑफिस असो की पतसंस्थेची शाखा, जिथे दहा-पंधरा मशीन एका लॅनवर जोडलेली असतात तिथे एका माणसाच्या नावाने दिवसभर हाका चालू असतात. "अहो, एक्सेल हलत नाहीये." "मॅडम, प्रिंट निघेना." हा माणूस पदाने क्लार्क असतो, शिक्षक असतो, कधी नुसताच 'याला कॉम्प्युटरमधलं कळतं' म्हणून धरलेला असतो. ही जबाबदारी नुकतीच गळ्यात पडलेल्यांसाठी हा लेख आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या मशीनवर काय काय चालू आहे ते आपल्या खुर्चीतून कसं बघायचं आणि त्यातलं अडकलेलं काही कसं बंद करायचं, एवढंच यात सांगितलं आहे.

बहुतेक ठिकाणी विंडोज असतं, म्हणून भर त्यावर. लिनक्सचं शेवटाकडे थोडक्यात आहे. कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या. लहान-मोठ्या अक्षरांनी विंडोजला फरक पडत नाही, लिनक्सला पडतो, म्हणून लिनक्सच्या इथल्या कमांड सगळ्या लहान अक्षरांत लिहा.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर बेतलेलं आहे. आपल्याच मशीनवर टास्ककिल ही कमांड साध्या रूपात चालवली, तर ती प्रोग्रॅमला बंद होण्याची सूचना करते. वर्ड किंवा एक्सेल मग "सेव्ह करायचं का?" असं विचारू शकतं. हीच कमांड लॅनवरून दुसऱ्या मशीनवर चालवली, की तशी सोय राहत नाही. दुरून बंद केलेली प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, विंडोज नेहमी जबरदस्तीनेच बंद करतं, तुम्ही तसं सांगा वा न सांगा. सेव्ह न केलेलं काम जातं. त्यामुळे या कामात बंद करण्याची कमांड एका ओळीची असते आणि खरा वेळ बघण्यात जातो. जायलाच हवा.

आधी परवानगी

मशीन तुमच्या ताब्यातलं असावं, किंवा ज्याच्या ताब्यात आहे त्याने तुम्हाला हे काम दिलेलं असावं. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणं किंवा त्याच्या कामात अडथळा आणणं नुकसानभरपाईला पात्र आहे. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सहकाऱ्याचा गेम गंमत म्हणून बंद करून बघायला ही जागा नाही.

जोडणीची तयारी

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून उघडणारा टास्क मॅनेजर फक्त स्वतःचं मशीन दाखवतो, दुसऱ्याचं नाही. म्हणून कमांड प्रॉम्प्टवर यायचं. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करा आणि 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडून उघडा.

समोरच्या मशीनचं नाव हवं. तिथे बसलेल्या माणसाला कमांड प्रॉम्प्टवर होस्टनेम असं टाइप करायला सांगितलं की नाव मिळतं. आयपी पत्ताही चालतो, तो आयपीकॉन्फिग या कमांडने दिसतो. सगळ्या मशीनची नावं आणि त्यांच्या जागा एकदा वहीत लिहून ठेवा. विंडोजने आपणहून ठेवलेली 'डेस्कटॉप' आणि पुढे अक्षर-अंकांची माळ अशी नावं तशीच राहू दिलीत, तर चुकीच्या मशीनवर हात पडण्याची शक्यता कायम राहते. मी उदाहरणासाठी पीसी०७ हे नाव घेतो.

मशीन चालू आहे का हे बघायला पिंग करतात, म्हणजे पिंग पीसी०७ अशी कमांड देतात. पिंगला उत्तर आलं तर उत्तम. नाही आलं म्हणजे मशीन बंदच आहे असं मात्र धरू नका, विंडोजची फायरवॉल (नेटवर्कवरून येणारं काय आत घ्यायचं हे ठरवणारा पहारेकरी) पिंगला गप्प बसवू शकते.

आता खातं. समोरच्या मशीनवर ॲडमिन अधिकार असलेलं खातं आणि त्याचा पासवर्ड लागतो. नवखे इथेच सर्वांत जास्त अडखळतात. कारणं सहसा तीन असतात. एक, त्या खात्याला पासवर्डच ठेवलेला नसतो. बिनपासवर्डच्या खात्याने नेटवर्कवरून आत येणं विंडोज मुळातच नाकारतं. दोन, माणूस चार आकडी पिन टाइप करतो. पिन फक्त त्या-त्या मशीनसमोर बसून चालतो, नेटवर्कवरून खरा पासवर्डच लागतो. तिसरं कारण जरा आत दडलेलं आहे.

डोमेन (सगळ्या मशीनची खाती एका सर्व्हरवरून सांभाळण्याची सोय) नसलेल्या, म्हणजे साध्या वर्कग्रुपमधल्या मशीनवर तुम्ही स्थानिक ॲडमिन खात्याने दुरून शिरलात, तर विंडोज त्या खात्याचे ॲडमिन अधिकार काढून घेतं आणि साध्या वापरकर्त्यासारखं वागवतं. पासवर्ड बरोबर, खातं ॲडमिनचं, तरी 'ॲक्सेस इज डिनाइड'. यावरचा उपाय रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात आहे. स्टार्टमध्ये रेजएडिट टाइप करून ती उघडते. एचकेएलएम (एचकी_लोकल_मशीन) खाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, पॉलिसीज, सिस्टीम या वाटेने जाऊन तिथे लोकलअकाउंटटोकनफिल्टरपॉलिसी या नावाची डीवर्ड किंमत तयार करायची आणि ती १ ठेवायची. हे समोरच्या मशीनवर करायचं, आपल्या नव्हे. पण हा बदल फुकटचा नाही. सगळ्या मशीनवर एकच ॲडमिन पासवर्ड असेल, आणि आपल्याकडे तो सर्रास असतो, तर एका मशीनमधून तो चोरीला गेला की चोराला सगळी लॅब मोकळी. प्रत्येक मशीनला वेगळा पासवर्ड ठेवणार असाल तरच हा मार्ग घ्या. ऑफिसात डोमेन असेल तर ही कटकट मुळात येत नाही, डोमेनचं ॲडमिन खातं सरळ चालतं.

शेवटची अडचण फायरवॉलची. समोरच्या मशीनवर कंट्रोल पॅनेलमधून विंडोज डिफेंडर फायरवॉल उघडा, एखाद्या ॲपला परवानगी देण्याच्या पर्यायात जा आणि 'विंडोज मॅनेजमेंट इन्स्ट्रुमेंटेशन' या ओळीपुढे खूण करा. खूण फक्त 'प्रायव्हेट' रकान्यात हवी, 'पब्लिक'मध्ये नको. लॅनलाच विंडोजने पब्लिक ठरवलं असेल तर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ते प्रायव्हेट करून घ्या.

यादी बघणं

आपल्या मशीनवर ही कमांड द्या:

टास्कलिस्ट /एस पीसी०७ /यू पीसी०७\ॲडमिन

एसच्या पुढे मशीनचं नाव, यूच्या पुढे खातं. खात्याआधी मशीनचं नाव आणि बॅकस्लॅश लावला की हे खातं त्याच मशीनवरचं आहे हे स्पष्ट होतं. पासवर्ड कमांडमध्येच /पी लावून देता येतो, पण देऊ नका. तो स्क्रीनवर उघडा दिसतो, आणि मागे कोण उभं असेल सांगता येत नाही. /पी गाळलं की कमांड स्वतःच पासवर्ड विचारते. मशीनच्या नावाआधी दोन बॅकस्लॅश लावायची सवय काहींना असते, ती इथे मोडा. या कमांडला ते नको असतात.

यादीत प्रत्येक प्रोसेसचं नाव, तिचा पीआयडी म्हणजे ओळखक्रमांक, सेशनचा क्रमांक आणि तिने घेतलेली मेमरी किलोबाइटमध्ये दिसते. सेशनचा आकडा कामाचा आहे. ० मध्ये विंडोजच्या सर्व्हिसेस, म्हणजे पडद्याआड चालणारे प्रोग्रॅम चालतात, लॉगिन केलेल्या माणसाचे प्रोग्रॅम १ किंवा त्यापुढच्या क्रमांकात. तुम्हाला हवा असलेला अडकलेला प्रोग्रॅम जवळजवळ नेहमी ० सोडून इतर सेशनमध्ये सापडेल. ० मधलं काही बंद करायची इच्छा झाली तर आधी थांबा, त्यावर पुढे बोलू.

यादी लांब असते. फक्त एक्सेल बघायचं असेल तर शेवटी गाळणी जोडा:

टास्कलिस्ट /एस पीसी०७ /यू पीसी०७\ॲडमिन /एफआय "इमेजनेम ईक्यू एक्सेल.ईएक्सई"

'ईक्यू' म्हणजे बरोबर. 'जीटी' म्हणजे पेक्षा जास्त, म्हणून "मेमयूसेज जीटी ५०००००" लिहिलं की साधारण ५०० एमबीपेक्षा जास्त मेमरी खाणाऱ्या प्रोसेस तेवढ्या उरतात. मशीन मंद झाल्याची तक्रार असेल तेव्हा मी सर्वांत आधी हीच गाळणी लावतो.

हँग झालेले प्रोग्रॅम शोधायला 'नॉट रिस्पाँडिंग' ही स्थिती गाळणीत टाकण्याचा सल्ला ठिकठिकाणी दिसतो. स्वतःच्या मशीनवर तो लागू पडतो. दुसऱ्या मशीनवर स्थितीची गाळणी चालत नाही, खिडकीच्या शीर्षकाचीही नाही. म्हणजे कोणती एक्सेल फाइल अडकली आहे हे तुम्हाला दुरून वाचता येणार नाही.

मग ओळखायचं कसं? यादी /व्ही लावून घ्या. त्यात प्रोसेस कुणाच्या नावाने चालली आहे आणि तिने आतापर्यंत किती सीपीयू वेळ वापरला ते येतं. अर्ध्या-एक मिनिटाने तीच कमांड पुन्हा द्या आणि सीपीयू वेळ ताडून बघा. आकडा भराभर वाढत असेल तर प्रोग्रॅम काहीतरी करतोय: मोठा हिशेब चालू असेल किंवा गोल फिरत बसला असेल. आकडा जागचा हलत नसेल तर तो कशाची तरी वाट बघतोय. नेटवर्कवरची फाइल मिळत नसेल, प्रिंटर उत्तर देत नसेल, किंवा मागच्या खिडकीआड दडलेला एखादा संवाद-चौकोन कुणी 'ओके' दाबण्याची वाट बघत असेल. या शेवटच्या कारणाने 'हँग' झालेल्या प्रोग्रॅमला मारून टाकणं म्हणजे निव्वळ वाया घालवलेलं काम. त्यामुळे समोरच्या माणसाला फोन करा. "स्क्रीनवर नेमकं काय दिसतंय? शेवटचं सेव्ह कधी केलंत? ऑल्ट आणि टॅब दाबून बघा बरं." निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, हा माझा अंदाज आहे, पण तो सहसा चुकत नाही.

बंद करणं

यादीतून पीआयडी घेतला, समजा ४३१२. मग:

टास्ककिल /एस पीसी०७ /यू पीसी०७\ॲडमिन /पीआयडी ४३१२

'सक्सेस'ने सुरू होणारी ओळ आली की काम झालं. तरी यादी पुन्हा मागवून ती प्रोसेस खरोखर गेली का ते बघा.

पीआयडीऐवजी /आयएम लावून प्रोग्रॅमचं नावही देता येतं. नवख्यांना ते सोपं वाटतं. मी ते टाळायला सांगेन. एक्सेल.ईएक्सई या नावाने कमांड दिली तर त्या मशीनवरची एक्सेलची प्रत्येक प्रोसेस जाते, अडकलेली आणि धडधाकट दोन्ही. रिमोट डेस्कटॉपने एकाच सर्व्हरवर आठ माणसं काम करत असतील तर आठही जणांचं एक्सेल एका झटक्यात नाहीसं होईल आणि तुमचा फोन वाजायला लागेल. नावानेच बंद करायचं असेल तर निदान "यूजरनेम ईक्यू" अशी गाळणी लावून एका माणसापुरतं ठेवा.

पीआयडीबाबतही एक पथ्य आहे. एखादी प्रोसेस संपली की तिचा क्रमांक विंडोज दुसऱ्या नव्या प्रोसेसला देऊ शकतं. सकाळच्या यादीतला क्रमांक दुपारी वापरू नका. यादी ताजी घ्या आणि लगेच वापरा.

काही प्रोग्रॅम स्वतःच्या पोटी आणखी प्रोसेस चालवतात. क्रोम उघडलं की यादीत डझनभर क्रोम.ईएक्सई दिसतात त्या अशाच. मूळ प्रोसेसचा पीआयडी देऊन शेवटी /टी जोडलं की तिच्यापासून निघालेल्याही बंद होतात. मूळ कोणती हे टास्कलिस्ट सांगत नाही. त्यासाठी सिसइंटर्नल्सच्या संचातलं पीएसलिस्ट वापरा, त्याला -टी लावलं की प्रोसेसची वंशावळ दिसते. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांनी सुरू केलेला हा संच २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतला आणि तो आजही त्यांच्या साइटवर मोफत मिळतो. त्यातलं पीएसकिल टास्ककिलचंच काम करतं. या दोन्हींना मशीनच्या नावाआधी दोन बॅकस्लॅश लागतात.

वर्ड किंवा एक्सेल बंद केल्यावर समोरच्याला ते पुन्हा उघडायला सांगा. ऑटोरिकव्हर मूळ सेटिंगप्रमाणे दर १० मिनिटांनी प्रत ठेवतं, ती डाव्या बाजूला दिसण्याची बरीच शक्यता असते. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं तसं नाही. डेटा लिहिला जात असताना ते बंद पाडलं तर फाइल बिघडू शकते. ते बंद करण्याआधी दोनदा विचारा, आणि कालचा बॅकअप आहे ना, हे बघा.

यांना हात लावू नका

सीएसआरएसएस, विनइनिट, एसएमएसएस, एलएसएएसएस, सर्व्हिसेस, विनलॉगऑन. ही विंडोजची स्वतःची माणसं आहेत. सीएसआरएसएस मेलं तर निळा स्क्रीन, एलएसएएसएस मेलं तर मशीन रीस्टार्ट. पीआयडी ० आणि ४ हेही सिस्टीमचे, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

एसव्हीसीहोस्ट नावाच्या मात्र डझनावारी प्रोसेस दिसतात आणि नवखा माणूस 'व्हायरस आहे' म्हणून घाबरतो. त्या बहुधा सरळमार्गी असतात, प्रत्येकीच्या आत विंडोजची एखादी सर्व्हिस चालते. २०१७ च्या विंडोज १० आवृत्तीपासून, ३.५ जीबीपेक्षा जास्त मेमरी असलेल्या मशीनवर बहुतेक सर्व्हिसना स्वतंत्र एसव्हीसीहोस्ट मिळायला लागला, म्हणून संख्या इतकी वाढलेली दिसते. आत कोण आहे ते टास्कलिस्टला /एसव्हीसी लावून कळतं.

सर्व्हिस बंद करायची असेल तर तिची प्रोसेस मारू नका. सर्व्हिसला रीतसर थांबवायची कमांड आहे आणि ती दुरूनही सभ्यपणे वागते. प्रिंटरचं उदाहरण घ्या, कारण रोज येणारी तक्रार तीच. आधी ओळख पटवायची:

नेट यूज \\पीसी०७\आयपीसी$ /यूजर:पीसी०७\ॲडमिन

मग स्पूलर, म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणारी सर्व्हिस, थांबवायचा:

एससी \\पीसी०७ स्टॉप स्पूलर

आता \\पीसी०७\सी$ वरून, म्हणजे त्या मशीनच्या सी ड्राइव्हवरून, विंडोज, सिस्टीम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमध्ये जा. अडकलेल्या प्रिंटच्या फाइल तिथे पडलेल्या असतात. त्या काढून टाका, आणि वरच्याच कमांडमध्ये स्टॉपच्या जागी स्टार्ट लिहून स्पूलर पुन्हा सुरू करा. ज्यांच्या प्रिंट रांगेत होत्या त्यांना पुन्हा द्याव्या लागतील, ते आधी सांगून ठेवा.

एरर आली तर

'द आरपीसी सर्व्हर इज अनअव्हेलेबल' म्हणजे तुम्ही मशीनपर्यंत पोचलाच नाहीत. नाव चुकलंय, मशीन बंद आहे किंवा फायरवॉल आड आली. 'लॉगऑन फेल्युअर' म्हणजे पोचलात, पण खातं किंवा पासवर्ड चुकला. 'ॲक्सेस इज डिनाइड' म्हणजे ओळख पटली, अधिकार कमी पडले. वरचा रजिस्ट्रीचा परिच्छेद पुन्हा वाचा. एरर कोणत्या पायरीवर आली एवढं कळलं की शोध फार आखूड होतो.

पॉवरशेल (विंडोजमधला कमांड देण्याचा दुसरा, जास्त ताकदीचा मार्ग) वापरणाऱ्यांसाठी दोन ओळी. गेट-प्रोसेसला दुसऱ्या मशीनचं नाव देण्याची सोय विंडोजसोबत येणाऱ्या ५.१ आवृत्तीत आहे, ६ पासून ती काढली गेली. स्टॉप-प्रोसेसला तशी सोय कधीच नव्हती. त्यामुळे दुसऱ्या मशीनवर कमांड चालवणारी इन्व्होक-कमांड शिका. त्यासाठी समोरच्या मशीनवर विनआरएम ही दुरून आलेल्या कमांड घेणारी सर्व्हिस चालू हवी, ती पोर्ट ५९८५ वर (पोर्ट म्हणजे नेटवर्कचं क्रमांक दिलेलं दार) ऐकते.

समोर लिनक्स असेल तर

इथे वाट वेगळी आहे. एसएसएच या दुरून सुरक्षितपणे आत शिरण्याच्या कमांडने त्या मशीनमध्ये लॉगिन करायचं, आणि मग आपण तिथेच बसल्यासारखं काम करायचं. पोर्ट २२. यादीसाठी पीएस एयूएक्स, हलती यादी हवी असेल तर टॉप.

बंद करायला किल आणि पुढे पीआयडी. नुसतं किल म्हटलं की १५ क्रमांकाचा सिग्नल जातो. तो प्रोग्रॅमला आवरून घ्यायची संधी देतो, आणि दुरून आलात म्हणून त्यात फरक पडत नाही. विंडोजपेक्षा लिनक्स इथे सरस आहे. दहा-वीस सेकंद थांबा. तरीही हलत नसेल तरच किल -९, हा सिग्नल प्रोग्रॅमला अडवताही येत नाही की ऐकताही येत नाही. सुरुवातच -९ ने करण्याची सवय काही जुन्या मंडळींनी लावून ठेवली आहे, ती उचलू नका. डेटाबेस अशा वागणुकीने रुसतात.

नावाने बंद करायला पीकिल आहे. त्याआधी तेच नाव पीग्रेप -ए ला देऊन बघा. कोणकोण सापडतंय ते दिसेल आणि काहीही मरणार नाही. यादी पटली की पीग्रेप -ए च्या जागी पीकिल लिहा.

पीएसच्या यादीत स्थितीच्या रकान्यात झेड दिसला तर ती प्रोसेस आधीच संपलेली आहे, नोंद तेवढी उरली आहे. तिला मारता येत नाही, तिच्या मूळ प्रोसेसकडे बघा. डी दिसला तर ती डिस्क किंवा नेटवर्क ड्राइव्हच्या उत्तरासाठी अडून बसली आहे, आणि -९ सुद्धा तोवर पोचत नाही. ड्राइव्ह दुरुस्त करा.

कशानेच काही होईना तर

विंडोज मशीन दुरून रीस्टार्ट करता येतं:

शटडाउन /आर /एम \\पीसी०७ /टी १२० /सी "दोन मिनिटांत मशीन बंद होईल, काम सेव्ह करा"

अवतरणातला मजकूर समोरच्याच्या स्क्रीनवर येतो. टीपुढचा आकडा सेकंदांचा. तो ०पेक्षा जास्त असला की वेळ संपल्यावर उघडे प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद होतात, इथेही 'सेव्ह करायचं का' विचारायला कुणी थांबत नाही. समोरून "थांबा, थांबा" असा फोन आला तर त्या दोन मिनिटांच्या आत शटडाउन /ए /एम \\पीसी०७ द्या, रीस्टार्ट रद्द होतं. ही दुसरी कमांड आधीच वेगळ्या खिडकीत टाइप करून ठेवा, फक्त एंटर दाबायचं बाकी ठेवून.